मलावीत वीस वर्षं खत वाटूनही जानेवारीत चूल का थंड असते?

परभणीला कृषी पदव्युत्तर अभ्यासक्रमाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: मलावीचं सरकार २००५ पासून लहान शेतकऱ्यांना नाममात्र किमतीत खत आणि मक्याचं बियाणं देतंय. उत्पादन वाढल्याचे आकडेही आहेत. तरी दर एक-दोन वर्षांनी तिथून अन्नटंचाईची बातमी येतेच. मग अनुदानच चुकीचं आहे का? ते बंद करून तोच पैसा दुसरीकडे लावावा का? आणि आपल्याकडच्या कोरडवाहू शेतीतलं काही तिथे उपयोगी पडेल का?

मी आधी विदर्भात आणि नंतर बरीच वर्षं मलावीच्या दक्षिण भागात, झोम्बा आणि मचिंगा जिल्ह्यांत लहान शेतकऱ्यांबरोबर काम केलं आहे. त्या अनुभवावरून सांगतो. अनुदान चुकीचं नाही. पण त्याचा हिशेब वर्षाच्या टनांत मांडला जातो आणि तिथली भूक महिन्यांची असते. डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांत घरात काय असतं, यावर पुढच्या वर्षीचं पीकसुद्धा ठरतं. हे लक्षात घेतलं नाही तर कितीही पोती वाटली तरी गाडं तिथेच अडतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. मलावी हा आग्नेय आफ्रिकेतला, समुद्रकिनारा नसलेला देश. २०१८ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १ कोटी ७५ लाख होती आणि त्यातले ८४ टक्के लोक खेड्यांत. बहुतेक कुटुंबांकडे अडीच एकरांपेक्षा कमी जमीन, दक्षिणेत तर अनेकांकडे एक-सव्वा एकरच. पाऊस एकच, नोव्हेंबर ते एप्रिल. पीक म्हणजे मुख्यतः मका, आणि जेवण म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, न्सिमा. न्सिमा नसेल तर बाकी काहीही पोटात गेलं तरी माणूस ‘आज जेवलो नाही’ असंच म्हणतो. परकीय चलन मुख्यतः तंबाखूतून येतं आणि खत सगळं बाहेरून: मोझांबिकमधल्या बैरा, नाकाला किंवा टांझानियातल्या दार-ए-सलामच्या बंदरात उतरून ट्रकने किंवा रेल्वेने शेकडो किलोमीटर आत. क्वाचा हे चलन घसरलं की पोत्याचा भाव आपोआप चढतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका झटक्यात ४४ टक्के अवमूल्यन झालं, तेव्हा ऐन पेरणी तोंडावर होती.

अनुदानाचा इतिहास माहीत नसेल तर आजचा वाद कळत नाही. स्वातंत्र्यानंतर पहिले राष्ट्राध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा यांच्या काळात ॲडमार्क ही सरकारी खरेदी-विक्री संस्था होती. ती खत स्वस्तात द्यायची, मका विकत घ्यायची आणि टंचाईत विकायची. नव्वदच्या दशकात जागतिक बँक आणि नाणेनिधीच्या कर्जाच्या अटींखाली सरसकट अनुदान गेलं आणि ॲडमार्कचे हातपाय आखडले. १९९८ साली सरकारने देणगीदारांच्या मदतीने सगळ्या लहान शेतकऱ्यांना, म्हणजे सुमारे २८ लाख कुटुंबांना, दहा गुंठ्यांपुरतं बियाणं आणि खत असलेलं छोटं पाकीट दिलं. त्यात मक्याबरोबर कडधान्याचं बियाणंही होतं. कल्पना चांगली होती, पण लगेच ती आक्रसत गेली. मग २००१-०२ चा दुष्काळ आला. राखीव धान्यसाठा त्याआधीच जवळजवळ सगळा विकला गेला होता आणि लोक भुकेने मेले. २००५ मध्ये पीक पुन्हा बुडालं. मका १२ लाख टनांच्या आसपास आला आणि जवळपास ५० लाख लोकांना मदत लागली. तेव्हा राष्ट्राध्यक्ष बिंगू वा मुथारिका यांनी बहुतेक देणगीदारांचा विरोध असताना स्वतःच्या तिजोरीतून खताची कूपनं वाटायला सुरुवात केली. कुटुंबामागे पन्नास किलोची दोन पोती, एक २३:२१:० या मिश्रखताचं (२३ टक्के नत्र, २१ टक्के स्फुरद) आणि एक युरियाचं, शिवाय थोडं सुधारित बियाणं. पाऊसही चांगला झाला. सरकारी आकड्यांनुसार २००६ ला २६ लाख आणि २००७ ला ३२ लाख टनांवर मका गेला.

त्या निर्णयाबद्दल मला आजही आदर आहे. लोक मरत असताना ‘बाजार आपोआप पुरवठा करेल’ म्हणून हात बांधून बसणं अमानुष होतं, आणि मुथारिकांनी ते नाकारलं. ज्या घरांना पहिल्यांदा दोन पोती मिळाली त्यांच्या तोंडून त्या वर्षाचं वर्णन मी ऐकलं आहे. त्यांच्याशी बोलल्यावर अनुदान म्हणजे निव्वळ उधळपट्टी असं म्हणायला जीभ रेटत नाही.

पण त्याच वेळी गफलतही झाली. २००७ च्या आकड्यांवर विसंबून देशाने झिम्बाब्वेला मका निर्यात केला आणि २००८ च्या टंचाईच्या महिन्यांत घरच्याच बाजारात भाव भडकले. ते उत्पादनाचे आकडे फुगलेले असावेत, अशी शंका तेव्हापासून अनेक अभ्यासकांनी मांडली आहे. मला ती रास्त वाटते. नजरअंदाजाने काढलेल्या आणेवारीवर निर्यातीचा निर्णय घेतला तर काय होतं, हे आपल्यालाही ठाऊक आहे. खर्चही वाढत गेला. २००८-०९ मध्ये जगभर खत महागलं आणि एकट्या या कार्यक्रमाने देशाच्या अर्थसंकल्पाचा सुमारे १६ टक्के हिस्सा खाल्ला. संशोधन, विस्तारसेवा, सिंचन, रस्ते यांच्या वाट्याला उरलंसुरलं आलं.

आता मुद्द्याचा गाभा आकडेमोडीतून सांगतो, कारण तुम्ही कृषिविद्येच्या आहात. युरियाच्या पोत्यात २३ किलो नत्र, दुसऱ्या पोत्यात साडेअकरा. एकूण साडेचौतीस किलो. वेळेवर पेरलेल्या, वेळेवर खुरपलेल्या, बऱ्या जमिनीतल्या मक्यात किलोभर नत्रामागे वीस किलो दाणा धरायला हरकत नाही. म्हणजे सात क्विंटलच्या आसपास वाढीव मका. तिथे माणशी वर्षाला साधारण १३० किलो मका लागतो असा रूढ हिशेब आहे, म्हणजे पाच माणसांच्या घराला साडेसहा क्विंटल. पोत्यांनी घर तरलं! पण तेच खत उशिरा पडलं, शेतात तण माजलं असेल आणि जमिनीत सेंद्रिय कर्ब उरलेला नसेल, तर तोच दाणा आठ-दहा किलोवर येतो. मग तीन, फार तर साडेतीन क्विंटल. खत तेवढंच, सरकारचा खर्च तेवढाच, आणि कुटुंब मात्र निम्म्या वर्षाने मागे.

ही तफावत पडते कशी, ते जानेवारीत शिवारात फिरलं की दिसतं. मचिंगातल्या एका वस्तीजवळचे शेजारशेजारचे दोन तुकडे मला चांगले आठवतात. माती एकच, तांबूस आणि हलकी. दोन्हीकडे सरी-वरंबे कुदळीने ओढलेले, कारण तिथे बैलजोडी क्वचितच. एका तुकड्यातला मका छातीभर, गर्द हिरवा, पायथ्याला माती चढवलेली. दुसऱ्यातला गुडघ्याएवढा, खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेने पिवळी पडत गेलेली आणि वरंब्यावर लव्हाळा मक्याच्या बरोबरीने वाढलेला. दुसऱ्या तुकड्याची मालकीण पहिल्या तुकड्यात खुरपत होती. घरातला मका नोव्हेंबरातच संपला होता. दिवसभराच्या कामाचे तिला एक भांडं मादेया, म्हणजे मक्याचा कोंडा मिळणार होता आणि त्यावर त्या रात्री मुलं जेवणार होती. या रोजंदारीला तिथे गान्यू म्हणतात. तिच्या घरात युरियाचं पोतं शिवलेलंच पडून होतं. आळस नव्हता, अज्ञानही नव्हतं. वरखत, म्हणजे उभ्या पिकाला द्यायचं खत, कधी द्यायचं ते तिने मला नेमकं सांगितलं. पण तण काढल्याशिवाय युरिया टाकला तर तो लव्हाळ्याला मिळेल, आणि तण काढायला तिच्याकडे दिवस नव्हता.

लाखो घरांत हेच घडतं. भूक लागते नेमकी त्या आठवड्यांत, जेव्हा स्वतःच्या शेताला हात लागायला हवेत. हात दुसऱ्याच्या शेतात जातात, स्वतःचं पीक अर्ध्यावर येतं, म्हणून पुढच्या वर्षीचा मका आणखी लवकर संपतो. फेब्रुवारी संपता संपता हिरवी कणसं हाताशी येतात तोवर बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. खताचं पोतं हे चक्र तोडू शकतं, पण एकट्याने नाही.

म्हणून मी अनुदानाचा पहिला प्रश्न रकमेचा मानत नाही, तारखेचा मानतो. खत नोव्हेंबरच्या मध्याला गावात असायला हवं. ते अनेक वर्षं डिसेंबरअखेर, कधी जानेवारीत पोचलं आहे. आयातीचे करार उशिरा होतात, कारण डॉलर नसतात. तंबाखूचा लिलाव एप्रिलमध्ये सुरू झाला की डॉलर येतात, तेव्हाच खताची रक्कम बाजूला काढली तर जूनमध्ये करार होऊ शकतो. २०२० मध्ये आलेल्या नव्या योजनेने व्याप्ती एकदम वाढवून सुमारे ३८ लाख कुटुंबांवर नेली. हेतू उदार होता, पण तेवढा पैसा आणि तेवढी यंत्रणा नव्हती. राष्ट्रीय ओळखपत्रावरून विक्री सुरू झाली तेव्हा नेटवर्क नाही म्हणून बायका केंद्राबाहेर रात्री झोपल्या. घाईने होणाऱ्या खरेदीत गैरव्यवहारालाही वाट मिळते. २०२२ मध्ये खताच्या एका परदेशी सौद्यात आगाऊ रक्कम अडकली आणि कृषिमंत्र्यांना पद गमवावं लागलं. पुढे लाभार्थी छाटत छाटत २०२३-२४ ला १५ लाखांवर आणावे लागले. दरवर्षी आकडा बदलला की शेतकऱ्याला कशाचाच भरवसा राहत नाही. कमी लोकांना, पण तीन वर्षांची हमी देऊन आणि वेळेवर, असं झालं तर तेवढ्याच पैशात जास्त मका येईल.

‘कमी लोकांना’ म्हणजे कोणाला, हा मात्र अवघड प्रश्न आहे. यादी वरून येते, आणि गावातल्या मुखियाला ती अन्यायाची वाटते, कारण शेजाऱ्यांच्या गरिबीत फरक असतो तो फार तर एका पोत्याचा. म्हणून अनेक गावांत दोन पोती चार घरांत वाटून घेतात. बाहेरच्या तज्ज्ञाला ती गळती वाटते. मला ती गावाची शहाणीव वाटते, फक्त त्यामुळे खताची मात्रा इतकी पातळ होते की पिकावर दिसत नाही. दक्षिणेत आणखी एक गोष्ट: जमीन बहुधा आईकडून मुलीकडे जाते आणि नवरा बायकोच्या गावी राहायला येतो. तरी यादीत कुटुंबप्रमुख म्हणून अनेकदा पुरुषाचंच नाव लागतं. शेत जिचं, तिच्या नावावर खत द्यायला नवा कायदा लागत नाही.

दुसरी गोष्ट मातीची, आणि इथे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही आहे. दक्षिण मलावीत, चिराडझुलू, मुलांजे, झोम्बा या पट्ट्यात मक्यात तुरीचं आंतरपीक पिढ्यान्‌पिढ्या आहे. तुरीला तिथे नांडोलो म्हणतात. पेरणी मक्याबरोबरच, पण वाढ हळू. एप्रिलमध्ये मका काढला की तूर मोकळी होते, जमिनीतल्या ओलीवर वाढते आणि जुलै ते सप्टेंबरात शेंगा देते. पानगळीने जमिनीला खत, मुळांनी नत्र, तुऱ्हाट्यांनी सरपण आणि मक्याच्या हंगामाबाहेर हातात पैसा. मर रोगाला तोंड देणारे वाणही इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने आणि तिथल्या कृषी संशोधकांनी मिळून दिले आहेत. उत्तर मलावीत एक्वेंडेनी इथल्या रुग्णालयाने २००० पासून कुपोषणाच्या अंगाने हाच रस्ता धरला. भुईमुगात तूर, पुढच्या वर्षी त्याच जमिनीत मका, आणि सोबत गावात स्वयंपाकाचे दिवस, जिथे पुरुषही कडधान्य रांधायला शिकतात. तिथल्या मुलांची वाढ सुधारल्याचं अभ्यासात दिसलं आहे. एवढं असून राष्ट्रीय योजनेत कडधान्याच्या वाट्याला किलो-दोन किलोची पिशवी येते, आणि काही वर्षं तीही नाही.

अडचणीही खऱ्या आहेत. मध्य भागात मका निघाला की जनावरं मोकाट सुटतात आणि शेळ्या तूर फस्त करतात. तिथे एका शेतकऱ्याने एकट्याने तूर लावून चालत नाही, सगळ्या वस्तीने शेळ्या बांधायचं ठरवावं लागतं. मुखियाने मनावर घेतलं तर होतं, मी पाहिलं आहे.

बाजाराची अडचण त्याहून मोठी, आणि तिचं एक टोक आपल्या घरात आहे. मलावीची तूर बहुतेक भारतासाठी पिकते. काही अख्खी जाते, काही ब्लँटायरला लागून असलेल्या लिम्बेच्या गिरण्यांत डाळ होऊन. २०१५-१६ ला आपल्याकडे तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली, तेव्हा आफ्रिकेतल्या शेतकऱ्याला ‘तूर लावा’ असं सगळ्यांनी सांगितलं. पुढच्याच हंगामात लातूर, अकोल्यात तुरीचे ढीग लागले, खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या आणि ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. आपल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ते समजण्यासारखं होतं. पण तिकडे नांडोलो शेतात उभं असतानाच भाव कोसळला. व्यापारी गावात आलेच नाहीत, आणि आले ते स्वतःचा काटा घेऊन. तो काटा मी तपासून पाहिला आहे. पन्नास किलोचं शिवलेलं खताचं पोतं त्यावर चव्वेचाळीस भरत होतं. पुढे २०२१ मध्ये आयात मोकळी झाली आणि मलावीकडून पाच वर्षं दरवर्षी ५० हजार टन तूर घेण्याचा करार झाला. अशा दीर्घ मुदतीच्या करारांच्या मी पूर्ण बाजूचा आहे. आकडा आधी कळला तर आपलं सरकार हमीभावाची खरेदी त्याप्रमाणे आखू शकतं आणि तिकडचा शेतकरी किती पेरायचं ते ठरवू शकतो. दोघांचंही नुकसान होतं ते हंगामाच्या मध्यात फिरवलेल्या निर्णयाने.

मक्याच्या बाजारातही हाच रोग. सरकार किमान भाव जाहीर करतं, पण ॲडमार्कच्या गोदामात रोकड येते जून-जुलैत. तोवर कर्ज फेडायला, शाळेची फी भरायला शेतकऱ्याने एप्रिल-मेमध्येच व्यापाऱ्याला मका विकलेला असतो. तोच मका तो जानेवारीत दुप्पट-तिप्पट भावाने विकत घेतो. त्यात निर्यातबंदी कधी येते, कधी उठते याचा नेम नाही, त्यामुळे मोठे व्यापारी साठा करायला धजत नाहीत. २०२२ मध्ये तर फेररचनेसाठी ॲडमार्कचं काम थांबवून कर्मचारी घरी पाठवले गेले, आणि त्यानंतरच्या मार्चमध्ये फ्रेडी चक्रीवादळ आलं. तोट्यात चाललेली संस्था सुधारायला हवी, हे मान्य. पण दूरच्या खेड्यात मका विकत मिळण्याचं तेच एक ठिकाण होतं. खताच्या अनुदानातला चौथा हिस्सा जरी एप्रिलच्या खरेदीला आणि गावपातळीच्या साठवणीला दिला, तरी जानेवारीचा भाव खाली येईल. साठवणीत सोंडे आणि मोठा दाणेपोखर यांचा उपद्रव फार. हवाबंद पिशव्या चालतात, पण गरीब घराला त्या हंगामात विकत घेणं जमत नाही. खताच्या यादीतच दोन पिशव्या टाकल्या तर खर्च किरकोळ आहे.

उरली ती जानेवारीची मजुरी. ‘मटुकुला पाखोमो’ ही थेट रोख मदतीची योजना २००६ मध्ये मचिंजी जिल्ह्यात सुरू झाली आणि नंतर देशभर गेली. ज्या घरांत काम करणारे हात कमी आहेत अशा अतिगरीब कुटुंबांना ती मिळते. रक्कम लहान आहे, महागाईने आणखी लहान होते. पण ती मिळणाऱ्या घरांत गान्यू कमी होते आणि माणसं स्वतःच्या शेतात राहतात. माझ्या हातात असतं तर वर्षभर थोडी थोडी देण्याऐवजी मोठा भाग नोव्हेंबर-डिसेंबरात दिला असता. सार्वजनिक कामंही ऑगस्ट ते ऑक्टोबरात, बांधबंदिस्तीची आणि चर खणण्याची, म्हणजे मजुरीही हातात पडते आणि पेरणीआधी शेतही तयार होतं. भर पावसात लोकांना रस्त्याच्या कामावर बोलावणं म्हणजे पुन्हा त्यांच्या मक्यातून माणूस काढणं.

सिंचनाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण शिरे खोऱ्यात कापिचिरा धरणावरून कालवा काढून सुमारे ४३ हजार हेक्टर भिजवण्याचं काम सुरू आहे. चांगलं आहे, पण ते एका खोऱ्यापुरतं. २०२४ च्या दुष्काळात २८ पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर झाली होती. बाकीच्या देशाला पाणथळ कडेची छोटी हिवाळी शेती आणि जमिनीत मुरवलेलं पाणी यावरच भिस्त ठेवावी लागेल.

आपल्याकडून तिथे काय न्यावं? कोळपं नेऊ नका. बैल नाहीत आणि वरंब्यावर ते चालतही नाही. संकरित बियाण्याच्या कंपन्यांचीही तिथे कमी नाही. न्यायचं असेल तर गावपातळीची लहान डाळमिल न्या, बचत गटाने चालवायची, म्हणजे भारताने घेतली नाही त्या वर्षी तूर स्थानिक बाजारात डाळ म्हणून खपेल. आज तिथे गरीब घर तूर अख्खी शिजवतं, तासन्‌तास, आणि सरपणापायी महिन्यातून मोजक्याच वेळा. आणि प्रबंधासाठी विषय शोधत असाल तर एक सुचवतो: झोम्बा किंवा मचिंगातली पन्नासेक कुटुंबं घ्या, पहिल्या खुरपणीची तारीख, वरखताची तारीख, घरातला मका संपल्याची तारीख आणि गान्यूचे दिवस दोन हंगाम नोंदवा. उत्पन्नाशी त्याचं गणित मांडा. कृषी खात्याला पोत्यांच्या आकड्यांपेक्षा या चार तारखांची गरज जास्त आहे. झोम्ब्यातच विद्यापीठ आहे, तिथल्या विद्यार्थ्यांबरोबर मिळून हे करता येईल.